वाडीला का जायचं?

(रौप्यमहोत्सवी सहल कुठे न्यायची हे ठरवण्यासाठी आपल्या गच्चीवर सभा झाली, तिथे केलेलं हे भाषण. स्मरणिकेसाठी मागितलं म्हणून लिहून दिलं. बोलताना मालवणी आपोआप येते, ती तशीच ठेवली आहे.)

अध्यक्ष, सेक्रेटरी, दोन्ही विंगांतले माझे शेजारी, आणि मागे कठड्याला टेकून मोबाइल बघत असलेली आमची तरुण मंडळी,

सहलीसाठी चार नावं आली. उटी, महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि मी दिलेलं सावंतवाडी. पहिली तीन नावं वाचली तेव्हा सगळे गप्प होते. चौथं वाचलं आणि हशा पिकला. "बाई, वाडीक? थंय काय आसा बघूक?" असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. कोण म्हणालं ते मला दिसलं आहे, पण नाव घेत नाही. सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. शाळेत पस्तीस मिनिटांचा तास घेण्याची सवय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

तुम्हाला माहीत आहे, लेकीकडे कॅलगरीला मी जानेवारी ते एप्रिल राहून आले. परत आल्यावर जिन्यात जो भेटेल तो एकच विचारायचा, "कशी काय ती कॅनडा?" मी सांगायचे, "थंडी." पण खरं उत्तर त्याहून मोठं आहे आणि ते आजच्या विषयाला धरूनच आहे. कॅलगरी हे सपाटीवरचं शहर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडं वर. स्वच्छ दिवशी पश्चिमेला बघावं तर रॉकी पर्वताची पांढरी रांग दिसते. तिथे 1988 साली हिवाळी ऑलिंपिक झालं. दर जुलैत घोड्याबैलांचा स्टॅम्पीड नावाचा मेळा भरतो, त्याची सुरुवात 1912 ची. दीड तासावर बॅन्फ, कॅनडाचं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, 1885 पासूनचं. जगभरातली माणसं ते बघायला येतात. पण मला लक्षात राहिले ते लेकीचे शेजारी. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बूट, थर्मास, पोरं, कुत्रं टाकायचं आणि डोंगराकडे निघायचं. दर आठवड्याला तोच डोंगर. बाहेरचे पर्यटक नंतर, त्या डोंगराचे पहिले गिऱ्हाईक ते स्वतःच.

आणि आपण? आपण मालवणात राहतो. सगळा महाराष्ट्र आपल्याकडे किल्ला बघायला आणि तारकर्लीला बुडी मारायला येतो. आपल्यातल्या निम्म्या घरांचा कोणी ना कोणी त्या धंद्यात आहे. दुसऱ्यांना आपलं गाव दाखवण्यात आपण पटाईत, पण स्वतः पाहुणा होऊन शेजारच्या गावी जायचं म्हटलं की हसू येतं. वाडीला आपण जातो ते कोणाच्या तरी कामाला. लग्नाला, बाराव्याला, डॉक्टरकडे.

आता वाऱ्याचं सांगते. हे मुलांनी ऐकावं, भूगोलाचा पेपर सुटेल.

कॅलगरीत फेब्रुवारीत एका सकाळी उणे वीस होतं. दुपारी बाहेर पाहिलं तर पागोळ्या गळायला लागलेल्या आणि पश्चिमेला आभाळात ढगाची एक मोठी कमान. जावई म्हणाला, "हा चिनूक." म्हणजे पॅसिफिक महासागरावरून आलेला वारा रॉकीच्या पलीकडच्या बाजूला आपलं सगळं पाणी टाकतो, आणि मग हलका होऊन, कोरडा आणि गरम होत अलीकडे उतरतो. त्याने काही तासांत बर्फ वितळतं. मी खिडकीत उभी राहून म्हटलं, अरे, ही तर आमच्या आंबोलीची गोष्ट, फक्त आम्ही डोंगराच्या ओल्या बाजूचे आणि हे कोरड्या बाजूचे!

जूनमध्ये आपल्या गच्चीवरचे पत्रे वाजवत जो वारा जातो ना, तोच पुढे कुडाळ, वाडी करत सह्याद्रीला जाऊन आदळतो. वर चढतो, थंड होतो, आणि आंबोलीत सगळं ओततो. आंबोलीला वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मालवणच्या दुपटीहून जास्त. आपल्याच समुद्राचं पाणी, आपल्याच डोक्यावरून गेलेलं, आणि आपण ते पडताना एकदाही नीट बघितलं नाही.

त्यातलीही गंमत बघा. तिथे हिरण्यकेशी नदी एका गुहेतून उगम पावते. अरबी समुद्र तिथून जवळ, पण ती जाते उलटी, पूर्वेला. घटप्रभेला मिळते, मग कृष्णेला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. त्या उगमाच्या कुंडात 2020 मध्ये माशाची एक नवीन जात सापडली. बोटाएवढा मासा, त्याला नदीचंच नाव दिलं. पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आंबोलीत एक भेकही आहे, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. तिथल्या कातळसड्यावर पावसाच्या सुरुवातीला तो बाहेर येतो. त्याचं शास्त्रीय वर्णन 2009 मध्ये झालं. आम्ही शाळेत मुलांना सिंह आणि जिराफ शिकवत होतो, आणि हा बिचारा दोन तासांवर बसलेला होता.

पण एक अट. आंबोलीला जुलैच्या शनिवार-रविवारी जायचं नाही. धबधब्याखाली जे चालतं ते बायकापोरांनी बघण्यासारखं नसतं. पाऊस सरल्यावर, मधल्या वारी जाऊ. धबधबा बारीक असेल, पण शांतता भरपूर मिळेल. कावळेसादला उभं राहिलं की वाऱ्याने पदर सांभाळता येत नाही, तेवढं पुरे.

आता खुद्द वाडी.

पहिल्या मजल्यावरच्या काकी आज गुडघ्यांमुळे गच्चीवर आल्या नाहीत. त्यांची परवानगी घेऊन सांगते. त्यांचं माहेर वाडीचं, सालईवाड्यातलं. परवा त्या मला म्हणाल्या, "गो, लगीन होवन पन्नासाच्या वर वर्सा झाली. वाडीक गेलंय ती लग्नाक नायतर बाराव्याक. तळ्याच्या काठार घटकाभर बसूक माका कोण देता? आता माहेरचा घर पण इकला." मोती तलाव 1874 चा. समोर राजवाडा, मागे नरेंद्र डोंगर, आणि संध्याकाळी दिवे लागले की पाण्यात ते दुप्पट होतात. लहानपणी त्या शाळेतून येताना तिथे पाय सोडून बसायच्या. एवढंच बघायचं आहे त्यांना. उटीला त्या येणार नाहीत, गणपतीपुळ्याच्या पायऱ्याही त्यांना नकोत. वाडीला येतो म्हणाल्या. आपल्या सोसायटीत सत्तरीच्या पुढच्या सात जणी आहेत. उटीचा विचार करताना त्यांना घरी कोणाबरोबर ठेवणार आहात, तेही एकदा सांगा.

राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. लाल चिऱ्याचा, आपल्याच मातीच्या रंगाचा. राजस्थानातल्यासारखा डोळे दिपवणारा नाही, आणि तेच मला आवडतं. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात. कितीजणांनी गंजिफा हातात घेतला आहे? हात वर करा. (दोन हात वर आले. एक माझा.)

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120. दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगात बारा पाने: राजा, प्रधान, आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाच्या पानावर परशू. पाच रंगांत दहा मोठा, उरलेल्या पाचांत एक्का मोठा, त्यामुळे डोकं चालवावं लागतं. तिघांनी खेळायचा, प्रत्येकी चाळीस पाने. सगळ्यात सुंदर नियम हा, की दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, आणि रात्री मांडला तर ज्याच्याकडे कृष्ण त्याने. आपल्याकडे जत्रेत दशावतार रात्रभर उभा राहतो, तोंडाला रंग लावून. वाडीत तोच दशावतार तळहातावर मावतो.

हा खेळ जवळजवळ गेला होता. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी 1970 च्या सुमारास मनावर घेतलं, तेव्हा हे काम येणारा एकच म्हातारा चितारी उरला होता. त्याच्याकडून दोघं शिकली, मग वाड्यात माणसं बसवून शिकवलं. सत्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या. त्या शेवटपर्यंत हे काम बघत होत्या. आता घराण्यातली पुढची पिढी बघते, आणि गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण मानांकनाने पोट भरत नाही, गिऱ्हाईक लागतं. पूर्ण जोड स्वस्त नाही, हे आधीच सांगते. हाताने एकशे वीस पाने रंगवायची म्हणजे किती दिवस जात असतील त्याचा हिशोब करा आणि मग किंमत विचारा. सोसायटीच्या कपाटात कॅरमशेजारी एक जोड ठेवावा अशी माझी दुसरी सूचना आहे. रौप्यमहोत्सवात चांदीची वाटी वाटण्यापेक्षा हे बरं. (टाळ्या पडल्या, पण खजिनदारांनी वाजवल्या नाहीत.)

तिथून चितारआळी चालत जाण्यासारखी. लाकडी खेळणी, लाकडी फळं. लहानपणी आपल्या सगळ्यांच्या घरी ती फळांची परडी होती, आणि एखादा पाहुणा तरी त्यातला आंबा उचलून फसायचाच. ही खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची व्हायची, हलकं आणि कोरायला सोपं म्हणून. पांगारा आता सहज मिळत नाही, दुसरी लाकडं वापरतात. आणि दुकानांत बाहेरून आलेला मालही मांडलेला असतो. म्हणून दुकानदाराला सरळ विचारायचं, "ह्या हयच केलेला मां?" कानात विचारू नका, मोठ्याने विचारा.

पूर्वी मुंबई-गोवा रस्ता वाडीच्या तळ्याकाठून जायचा. गोव्याला जाणारा प्रत्येक माणूस चहाला थांबायचा, खेळणी घ्यायचा. झाराप-पत्रादेवी बायपास झाला आणि गाड्या बाहेरच्या बाहेर जायला लागल्या. रस्ता झाला हे चांगलंच झालं, बांबोळीला पेशंट न्यायचा असेल तर एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. पण आता वाडीला जायचं तर ठरवूनच वळावं लागतं. गाडी आपोआप वळत नाही.

वाटेत काय, असं विचाराल. चौक्यावरून धामापूर, तो तलाव 1530 चा, आपल्याच तालुक्यातला, पाच मिनिटं उतरून भगवतीला नमस्कार करायचा. कुडाळ सोडलं की पिंगुळी. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, परशुराम गंगावणे यांचं घरचं संग्रहालय. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदन टाकलं होतं. आता प्रत्यक्ष जाऊन टाकू. आंबोलीकडे चढायच्या आधी दाणोलीला साटम महाराजांची समाधी आहे, ज्यांची श्रद्धा असेल त्यांच्यासाठी दहा मिनिटं. जेवण वाडीत. मासे मालवणसारखे मिळतील ही अपेक्षा ठेवू नका, आणि तसं तिथे बोलून दाखवू नका, एवढीच विनंती.

लेक आणि नात डिसेंबरात येणार होत्या, त्या आता दिवाळीलाच येतात. नात आठ वर्षांची. बॅन्फ तिने चार वेळा बघितलंय. मला फोनवर विचारते, "आजी, तुमच्याकडे माउंटन आहे?" म्हटलं, आहे. तर आता तो मला तिला दाखवायचा आहे, आणि एकटीने न्यायचा नाही. तिला या बिल्डिंगमधली पोरं बरोबर हवीत.

तर माझा प्रस्ताव असा. दिवाळीच्या सुट्टीत, पाडव्यानंतरचा मधला वार. सकाळी साडेसहाला गेटवरून बस. आधी आंबोली, कारण दुपारी धुकं उतरतं. पिंगुळी परतीच्या वाटेवर. दुपारी वाडा आणि चितारआळी, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत तळ्यावर, कोणीही "चला, चला" करायचं नाही. रात्री साडेनऊपर्यंत घरी. नावं माझ्याकडे नाहीतर सेक्रेटरींकडे द्या, वर्गणी नाव देतानाच. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊन यायचं आणि पुढे बसायचं. खिडकीची एक सीट पहिल्या मजल्यावरच्या काकींसाठी धरली आहे, ती सोडून बाकी कुठलीही मागा.