भाकरी टाकणाऱ्याची जबाबदारी

नेरूळला आमच्या गल्लीतल्या मावशी रोज भटक्या कुत्र्यांना दारात भाकरी टाकतात. परवा त्याच कुत्र्यांनी शेजाऱ्याच्या सहा कोंबड्या मारल्या. भरपाई कोणी द्यायची?

पाळलेल्या कुत्र्याला मालक असतो. भटक्याचा मालक कोण? २०२२ साली नागपूरला हायकोर्टाने म्हटले, खाऊ घालायचे तर कुत्रा रीतसर दत्तक घ्या. सुप्रीम कोर्टाने ते थांबवले. मग ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितले, रस्त्यात खाऊ घालू नका. पालिकेने नेमलेल्या जागीच घाला. नाही ऐकले तर कारवाई. कोंबड्यांच्या भरपाईचा शब्द मात्र त्यात नाही.

मावशी म्हणाल्या, "गुरुजी, मुक्या जिवाला उपाशी ठेवू?"

"ठेवू नका. पण खुराड्याजवळ तरी टाकू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून शेजाऱ्याला दोन तलंगा नेऊन दिल्या.