विस्मृतीचा आजार आणि पायांतील बळ



बक्षीस समारंभात म्हातारपणाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण नातवाचे नाव विसरलेल्या दादीजवळ शाळेतून आल्यावर बसणारे तुम्ही मुलेच असता.

डिमेन्शिया म्हणजे म्हातारचळ नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना तो आहे. आपल्याकडे बहुतेक रुग्ण घरीच असतात, युरोपात पुष्कळसे शुश्रूषागृहात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच घडते. रुग्ण उठू लागला की आपण म्हणतो, "बसा, पडाल!" हेतू चांगला असतो. परंतु बसून बसून मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल जातो, आणि एक दिवस माणूस खरोखरच पडतो. आजाराने जे अजून नेलेले नसते, ते आपण आपल्या हाताने घालवतो.

फ्रान्समधील तुलूझच्या डॉक्टरांनी पाच शुश्रूषागृहांतील अल्झायमरच्या १३४ रुग्णांचा अभ्यास केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एका गटाकडून आठवड्यातून दोनदा तासभर चालणे, पायांचे बळ आणि तोल यांचा व्यायाम करून घेतला. वर्षअखेर अंघोळ, कपडे, जेवण अशा कामांतील त्यांची घसरण इतरांपेक्षा मंद राहिली. स्वीडनमध्ये उमिओ येथे १८६ रुग्ण निवडले, सरासरी वय ८५! अर्ध्यांना खुर्चीतून उठणे, पायरी चढणे, वळणे हेच व्यायाम म्हणून दिले. जमेल त्याच्या कमरेला वजनाचा पट्टाही बांधला. बाकीचे बसूनच गप्पागोष्टींत रमले. चार महिन्यांनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारलेला दिसला. मात्र दैनंदिन कामांतील लाभ अल्झायमर नसलेल्या रुग्णांपुरताच आढळला.

आणि स्मरणशक्ती? इंग्लंडमध्ये घरीच राहणाऱ्या ४९४ रुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. व्यायामाने अंगातील ताकद वाढली, बुद्धीची घसरण थांबली नाही. तेव्हा व्यायामाने आठवण परत आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आपल्याला हवे आहे ते एवढेच की दादीने स्वतः उठून शौचाला जावे. एवढ्याने किती अब्रू राखली जाते, हे सेवा करणाऱ्या सुनांना विचारा.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगी एक सवय जन्मभराची आहे. कियाम, रुकू, सजदा. नावे विसरलेला माणूसही पुष्कळदा शेजारच्याला पाहून त्या हालचाली करतो. रकात चुकली म्हणून रागावू नका. ज्याला भान उरले नाही त्याच्यावर फर्ज नाही. जमिनीवर बसवत नसेल तर भक्कम खुर्ची घ्यावी आणि तीवरून पाच-सहा वेळा उठायला लावावे. तोंडाने सांगण्यापेक्षा समोर उभे राहून करून दाखवावे. वेळ रोज तीच ठेवावी, आणि पायांत सैल सपाता नसाव्यात. नको म्हटले तर ओढू नये, घटकाभराने पुन्हा विचारावे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल वा हाड मोडलेले असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

पालकांना एक विनंती. आपल्या घरच्या वृद्ध स्त्रिया परक्या पुरुषाकडून व्यायाम करून घ्यायला संकोचतात. बारावी शास्त्र शाखेतील मुलींनी फिजिओथेरपीकडे जावे. या कामाला स्त्रिया हव्या आहेत.

कुणावर आईला वा वडिलांना शुश्रूषागृहात ठेवण्याची पाळी आली, तर लोक काय म्हणतील या धास्तीने गुपचूप ठेवून परतू नये. फरशी आणि पलंग पाहून झाले की तिथल्या बाईंना विचारावे, दिवसातून किती वेळा यांना पायांवर उभे करता? आणि पुढच्या भेटीला गेल्यावर खाटेशेजारी बसून न राहता त्यांचा हात धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन यावे.