मुंगी दिसली, पण कोणती?

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



पीक पिवळे पडले, झाड सुकले, बी उगवले नाही की आपण खाली वाकून बघतो. तिथं मुंग्या दिसल्या की लगेच म्हणतो, ‘मुंग्यांनी खाल्लं.’ मग दुकानातून पूड आणायची आणि फासायची. आज मला एवढंच सांगायचं आहे, की पूड आणण्याआधी मुंगी ओळखा. भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्या ओळखायची गरज नाही. चार गोष्टी बघितल्या तरी आपलं काम भागतं.

पहिली गोष्ट, ती मुंगी आहे की वाळवी? वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो, पण ती मुंगी नव्हेच. वाळवी झुरळाच्या नात्यातली आणि मुंगी गांधीलमाशी व मधमाशीच्या नात्यातली. मुंगीची कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक असते आणि मिशा कोपरासारख्या मोडलेल्या असतात. वाळवीला कंबर अशी नसतेच आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. पहिल्या पावसात दिव्याभोवती येणाऱ्या पंखवाल्या किड्यांतही हा फरक कळतो. वाळवीचे चारही पंख सारखे असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात. वाळवीवरचा उपाय वेगळा, मुंगीवरचा वेगळा. इथंच चुकलं तर पुढचा सगळा खर्च मातीत जातो.

दुसरी गोष्ट, कमरेला मणी किती? छाती आणि पोट यांच्या मध्ये मुंगीला एक किंवा दोन मणी असतात. साधे भिंग घेतले तर स्पष्ट दिसतात. आपल्या काळ्या डोंगळ्याला एकच मणी असतो. झाडावर पाने जोडून घरटे करणारी तांबडी मुंगी, जिला कोकणात कोणी हुमले म्हणतात, तिलाही एकच. या दोघींना नांगी नसते. त्या चावतात आणि चावलेल्या जागी आम्ल सोडतात, म्हणून आग होते. शेताच्या बांधावरच्या बारीक लाल मुंग्यांना बहुधा दोन मणी असतात. शास्त्रज्ञ मुंग्यांची विभागणी करताना हे मणी आधी बघतात.

तिसरी गोष्ट, एकाच रांगेतल्या मुंग्या सारख्या आहेत का? दोन मणीवाल्या लाल मुंग्यांत दोघींची गल्लत फार होते. एक आहे आग्या लाल मुंगी. ती मूळची अमेरिका खंडातली. तिच्या वारुळावर पाय पडला तर डंखाने आग आग होते. तिच्या रांगेत लहान, मध्यम, मोठ्या अशा सगळ्या मापाच्या मुंग्या असतात. दुसरी आहे मोठ्या डोक्याची मुंगी. तिच्यात दोनच मापे: बारीक कामकरी, आणि शरीराच्या मानाने भलेमोठे डोके असलेली शिपाई. अजून शंका असेल तर भिंगाखाली मिशीचं टोक बघा. आग्या मुंगीच्या मिशीच्या टोकाला जाड पेरे दोन असतात, मोठ्या डोकीच्या मुंगीला तीन.

या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांपैकी एकीची ओळख आपल्या पुण्यातच पटली. कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्याने १८३५ साली तिचे वर्णन छापले. पावसात भिजलेले गवताचे बी ही मुंगी बिळातून वर आणते आणि उन्हात वाळवते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून तिला ‘प्रॉव्हिडेन्स’, म्हणजे पुढची तरतूद करणारी, असे नाव दिले. आज तिचे शास्त्रीय नाव फायडोली प्रॉव्हिडेन्स. यातले पहिले नाव वंशाचे, जसे आपले आडनाव, आणि दुसरे त्या जातीचे. आग्या लाल मुंगी म्हणजे सोलेनॉप्सिस जेमिनाटा. म्हणजे रंग एक, पण आडनावेच वेगळी!

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: रांग कुठे जाते? इथं माझीच एक चूक सांगतो. नवीन नोकरीत असताना एका शेतकऱ्याने मला सीताफळाची बाग दाखवली. खोडावर डोंगळ्यांची रांग लागलेली, फळे काळवंडलेली. मी म्हणालो, ‘मुंगळ्यांचा उपद्रव आहे, बुंध्याला पूड टाका.’ त्यांनी टाकली. पंधरा दिवसांनी गेलो तर फळे आणखी खराब झालेली. त्यांच्या म्हाताऱ्या आई म्हणाल्या, ‘साहेब, मुंगळा वर कशापायी जातो, ते बघितलं का?’ फांदी वाकवून पाहिली तर फळांच्या खोबणीत पिठ्या ढेकूण कापसासारखा बसलेला. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो. चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि तोच चिकटा प्यायला डोंगळे येतात. बदल्यात पिठ्या ढेकणाला खाणाऱ्या मित्रकिडींना ते हुसकावून लावतात. मी राखणदाराला झोडपले आणि चोर झाडावर तसाच ठेवला. त्या वर्षीचा त्यांचा माल गेला. ती बाई रागावली नाही, पण मला तो प्रश्न कायमचा शिकवून गेली.

तेव्हा रांगेच्या मागे चालत जा. रांग शेंड्याकडे जात असेल तर मावा, पिठ्या ढेकूण शोधा आणि त्यांचा बंदोबस्त करा. सोबत खोडाला चिकट पट्टी बांधा आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, म्हणजे मुंग्यांची वाट बंद होईल. रांग पेरलेल्या वाफ्यातून बिळाकडे जात असेल आणि तोंडात बी दिसत असेल, तर मुंगीच दोषी. बाजरी, तीळ, भाजीपाल्याची रोपवाटिका इथं हे होते. अशा जागी पेरणीपूर्वी नांगरट करून बिळे मोडा, पेरल्याबरोबर बी मातीने झाका, उघडे ठेवू नका. बिळाच्या तोंडाशी भुशाची रास दिसली तर बी इथंच जातंय असं समजा. आणि रांग मेलेल्या अळ्या ओढून नेत असेल, तर तिला हात लावू नका. ती तुमचंच काम करते आहे. काजूच्या बागेत हुमले ढेकण्या किडीला पकडून खातात. तोडणीच्या वेळी ते चावतात आणि काही वेळा पिठ्या ढेकणालाही सांभाळतात, हे खरं; पण घरटे दिसले की जाळायचे, ही सवय सोडा.

औषध लागलेच तर कोणते आणि किती, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा आणि डब्यावरची पत्रिका वाचा. जुनी बीएचसी पूड कोणाच्या कोठारात पडून असेल तर ती वापरू नका. तिच्यावर १९९७ सालापासून बंदी आहे.

ओळख पटत नसेल तर नमुना पाठवा. लहान बाटलीत स्पिरिट घ्या. एकाच बिळाच्या दहा-पंधरा मुंग्या त्यात टाका. लहान-मोठ्या दोन्ही असू द्या, कारण एकट्या मुंगीवरून ओळख चुकते. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक आणि मुंगी कुठे सापडली ते लिहा. लिहा मात्र शिसपेन्सिलीने. शाई स्पिरिटमध्ये उतरते आणि चिठ्ठी कोरी होते.

तर मंडळी, कंबर बघा, मणी मोजा, मापे बघा आणि रांगेच्या मागे जा. एवढं केल्यावर मग औषधाचा विचार करा.