बँकेतून वर्गात आलेला प्राध्यापक

सायबर सुरक्षा शिकवणाऱ्याने आधी नोकरी केलेली असावी का, असं विद्यार्थी मला विचारतात. मी त्यांना केंब्रिजच्या रॉस अँडरसन यांची हकिगत सांगतो.

१९७८ मध्ये केंब्रिजची पदवी घेतल्यावर अँडरसन यांनी विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि मग बँकांमध्ये काम केलं. पीएचडीला परतले ते थेट १९९२ साली, पस्तिशी उलटल्यावर. तेव्हा ब्रिटनमध्ये लोकांच्या खात्यांतून एटीएममधून परस्पर पैसे जात होते. तक्रार केली, की बँकेचं उत्तर ठरलेलं: आमची यंत्रणा चुकत नाही, पैसे तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कुणी काढले असतील. तक्रार करणाऱ्या एका पोलीस शिपायालाच १९९४ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं गेलं. अपिलात अँडरसन बचाव पक्षाचे तज्ज्ञ होते. ज्या संस्थेत खातं होतं, तिने आपली यंत्रणा त्यांना तपासू दिली नाही आणि १९९६ मध्ये शिपाई निर्दोष सुटला.

१९९३ च्या निबंधात त्यांनी असे खरे घोटाळे तपासले होते. आपल्याला वाटतं, चोर गणित करून संकेत फोडतात. इथे तसं काहीच नव्हतं! एका छोट्या संस्थेने प्रोग्राममधल्या चुकीमुळे सगळ्या ग्राहकांना एकच पिन दिला होता. काही ठिकाणी पावतीवर अख्खा खातेक्रमांक छापून येई. रांगेत मागे उभं राहून पिन पाहायचा, टाकलेली पावती उचलायची, झालं काम. काही चोर तर बँकेचेच नोकर.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. अमेरिकेत ग्राहक खोटा आहे हे बँकेला सिद्ध करावं लागे. ब्रिटनमध्ये तो भार प्रत्यक्षात ग्राहकावरच पडे. म्हणून ब्रिटिश बँका जास्त गाफील राहिल्या, असं त्यांचं निदान. नुकसान दुसऱ्याचं होणार असेल तर कुलूप कोण तपासतो? (आपल्या रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला, तो याच प्रश्नाशी भिडतो.) २००१ पासून अँडरसन यांनी सुरक्षेचं अर्थशास्त्र ही ज्ञानशाखा उभी करायला घेतली. त्याच वर्षी त्यांचं ‘सिक्युरिटी इंजिनिअरिंग’ आलं. माझ्या मते या विषयाचं इतकं वाचनीय पाठ्यपुस्तक दुसरं नाही.

२०१० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की चोरलेल्या चिपकार्डावर पिन ठाऊक नसतानाही दुकानात खरेदी होऊ शकते. कार्ड आणि यंत्र यांच्या मध्ये बसवलेलं उपकरण यंत्राला सांगतं, पिन बरोबर आहे. कार्डाला वाटतं, व्यवहार सहीवर चाललाय. वर्षअखेरीस कार्डकंपन्यांच्या संघटनेने विद्यापीठाला पत्र धाडलं: याच विषयावरचा एका विद्यार्थ्याचा प्रबंध संकेतस्थळावरून काढा. अँडरसन यांनी नकार कळवला आणि तो प्रबंध विभागाचा अधिकृत तांत्रिक अहवाल म्हणून प्रसिद्ध करायचं फर्मान काढलं.