पिलांची भूक



लेकराला भरवताना हात आखडावा, हे आपणांस रुचणार नाही. पण मांसासाठी पाळलेल्या ब्रॉयलर पिलाची गोष्ट निराळी. जन्मतः सुमारे ४० ग्रॅमचे हे पिलू सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जाते. मांस झपाट्याने चढते. हृदय, फुप्फुसे व हाडे मागे पडतात. मग पोटात पाणी होते, पाय अधू होतात, आणि पाळणाऱ्याचे भांडवल बुडते. म्हणून दुसऱ्या आठवड्यात काही दिवस खाद्य बेताचे द्यावे. पाणी मात्र तोडू नये. पुढे पोटभर मिळताच पिलू बरीचशी तूट भरून काढते. उपासमार लांबली, तर ती भरत नाही. आमच्या रत्नागिरीच्या दमट उन्हाळ्यात भर दुपारी खाद्य उचलण्यातही हेच शहाणपण आहे. केव्हा थांबावे हे ज्याला कळले, त्यालाच पोसणे कळले, असे आम्हांस वाटते.