मगरीचे कातडे आणि सम्यक आजीविका

(उपासक-उपासिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एक माउली माझ्याकडे आल्या. त्यांच्या मुलाने चामडे कमावण्याचे शास्त्र शिकून पदविका मिळविली आहे आणि सिंगापूरच्या एका कारखान्यातून त्यास नोकरीचे पत्र आले आहे. त्या कारखान्यात मगरींची कातडी कमावली जातात. माउली म्हणाल्या, "वकीलसाहेब, दोन वर्षांमागे आम्ही दीक्षा घेतली. चामड्याचा धंदा सोडा, असे याचे वडील जन्मभर सांगत गेले. आता मुलगा पुन्हा चामड्याकडेच चालला, आणि तेही जीव पाळून, मारून काढलेल्या. हे आपल्या धम्मात बसते का?"

हा प्रश्न आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा आहे, म्हणून मी तो आज आपणांपुढे मांडीत आहे. न्यायालयात आधी वादाचे मुद्दे निश्चित करतात. माउलींच्या प्रश्नातही दोन मुद्दे एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला, चामडे विटाळाचे आहे काय? दुसरा, चामड्यासाठी प्राण्यास दुःख देणे योग्य आहे काय?

पहिल्या मुद्द्याचे उत्तर निःसंदिग्धपणे 'नाही' असे आहे. आपल्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, ते कातडे अपवित्र म्हणून नव्हे. ते काम जन्मावरून लादलेले होते, गुलामीची खूण होते, म्हणून नाकारले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना भररस्त्यात मारहाण झाली. त्या पीडितांनी आपल्या कुटुंबीयांसह एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मेलेले जनावर सोलणे हा अपराध नव्हता. सोलणाऱ्यास माणूस न मानणे हा अपराध होता. तेव्हा धम्माच्या नावाखाली जुना विटाळ पुन्हा घरात घेऊ नका.

आता दुसरा मुद्दा. त्यासाठी मगरीचे उदाहरण मला फार सोयीचे वाटते. मगर गाईसारखी पूज्य मानली जात नाही आणि डुकरासारखी निषिद्धही मानली जात नाही. तिच्याविषयी विचार करताना जुन्या धर्माची सवय आड येत नाही; केवळ विवेकाने निर्णय करता येतो.

प्रथम या व्यापाराची बाजू न्यायाने ऐकू. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात ॲलिगेटर शिकारीमुळे इतके घटले की १९६२ मध्ये शिकार बंद करावी लागली. पुढे तेथे एक योजना निघाली. दलदलीचा बहुतांश भाग खाजगी मालकीचा. पालनगृहवाल्याने मालकास पैसे देऊन रानातील अंडी न्यावीत, पिले वाढवावीत आणि त्यांतील ठराविक हिस्सा मोठा झाल्यावर पुन्हा दलदलीत सोडावा. अंड्यांना किंमत आली, म्हणून दलदल भरून टाकण्यापेक्षा राखणे मालकास परवडू लागले. १९८७ मध्ये हा प्राणी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात खाऱ्या पाण्यातील मगरी १९७१ साली केवळ सुमारे ३,००० उरल्या होत्या. आज त्या १,००,००० च्या आसपास आहेत. संरक्षणाचा कायदा हे त्याचे मूळ कारण होय. परंतु अंड्यांचे पैसे तेथील आदिवासी जमीनमालकांनाही मिळतात, म्हणून माणसे खाऊ शकणाऱ्या प्राण्याचे शेजार ती सहन करतात, हेही खरे.

पण हा युक्तिवाद सर्वत्र लागू पडत नाही. थायलंडमध्ये पालनगृहांत लाखो सयामी मगरी आहेत आणि तेथील रानात ही जात जवळजवळ नामशेष झाली आहे. पिंजऱ्यातच अंडी, पिंजऱ्यातच मरण. तेथे रानाशी संबंधच तुटतो. म्हणून 'पालनामुळे प्रजाती वाचते' असे कोणी म्हटले तर, 'कोणत्या पद्धतीच्या पालनामुळे?' असा प्रतिप्रश्न आपण केला पाहिजे.

शिवाय प्रजाती वाचणे आणि प्राण्यास सुख असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मगरीच्या पोटाकडील कातड्यास भाव येतो आणि एका ओरखड्याने त्याची प्रत उतरते. एकत्र ठेवलेल्या मगरी एकमेकींस चावतात. म्हणून अनेक ठिकाणी कत्तलीपूर्वीचे महिने प्रत्येकीस स्वतंत्र, अरुंद कप्प्यात काढावे लागतात. निसर्गात पन्नास वर्षांहून अधिक जगू शकणारा हा जीव कोवळ्या वयातच मारला जातो. सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदू प्राणवायूविना बराच वेळ तग धरतो. केवळ मान कापल्याने शुद्ध लगेच हरपत नाही. म्हणून प्रथम बेशुद्ध करावे आणि मेंदू तत्काळ नष्ट करावा, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. जेथे हे पाळले जात नाही, तेथील यातना आपण कल्पू शकता.

मगर थंड रक्ताची, तिला काय कळते, असे कोणी म्हणेल. जी मादी महिनोन्महिने घरटे राखते आणि पिलांना जबड्यात धरून अलगद पाण्यात नेते, तिला काहीच कळत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानेही 'प्राणी' या शब्दात मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव प्राण्याचा समावेश केला आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. ही कसोटी येथे लावा. मगरीचे मांस खाल्ले जाते, हे खरे; पण या व्यापारात खरा पैसा कातड्याचा आहे. ते कातडे कोणाच्या पायांचे काट्यांपासून रक्षण करीत नाही. ते लाखो रुपयांच्या हातपिशवीवर आणि घड्याळाच्या पट्ट्यावर जाते. ही गरज नव्हे. हा डामडौल आहे. डामडौलासाठी दिलेल्या दुःखाचे समर्थन धम्मात सापडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सत्त्व आणि मांस यांचा व्यापार भगवंतांनी उपासकांस वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत आहे, हेही आपण जाणता.

कायद्याविषयी एक सूचना. भारतात मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. महाडच्या सावित्रीत किंवा सांगलीच्या कृष्णेत मगर दिसली तर तिला मारू नका, वनखात्यास कळवा. आणि तिच्या हल्ल्यात कोणी दगावला वा जखमी झाला तर शासनाकडे भरपाईचा अर्ज करण्यास विसरू नका. करुणा प्राण्यास आणि हक्क माणसास, या दोहोंत विरोध नाही.

मग त्या मुलास मी काय सांगितले? तू दोषी आहेस, असे मी म्हटले नाही. दोषाची वाटणी करताना आपला समाज नेहमी सर्वांत खालच्या माणसापासून प्रारंभ करतो. सोलणारा दोषी, विकत घेणारा प्रतिष्ठित! धम्माने आपण तो क्रम उलटला पाहिजे. मागणी निर्माण करणारा प्रथम, नफा घेणारा त्यानंतर आणि पोटासाठी राबणारा सर्वांत शेवटी. परंतु शेवटी म्हणजे मुक्त, असे नव्हे. म्हणून मी त्यास म्हणालो, "तुझी विद्या मगरीपुरती नाही. मेलेल्या जनावराचे आणि खाण्यासाठी कापलेल्या जनावराचे कातडे वाया न घालविणे, हे मानाचे काम आहे. तेथे नोकरी मिळेपर्यंत दोन महिने थांबता येते का, पाहा. घरची अडचण मोठी असेल तर जा. पण डोळे उघडे ठेव, आणि मार्ग सापडताच निघून ये."

मुलगा थांबला आहे. त्या दोन महिन्यांत त्या घराची चूल कशी पेटेल, ही आता त्याच्या एकट्याची काळजी नव्हे, आपल्या सर्वांची आहे. कुटुंबास सम्यक आजीविका हवी असेल तर तिच्या वाटेवर संघाने त्यास आधार दिला पाहिजे. सभेनंतर ज्यांना कामाची माहिती असेल त्यांनी मला अवश्य भेटावे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम.