जुन्या दवाखान्याच्या निर्लेखनापूर्वी

(सरपंच व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



१९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले; तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. लोकल बोर्डांचे दवाखाने १९६२ मध्ये जिल्हा परिषदांकडे आले. आता नवी इमारत मंजूर झाली, की जुन्या दगडी वास्तूच्या निर्लेखनाचा प्रस्ताव निघतो. रुग्णांना नवी इमारत हवीच. त्याबद्दल वाद नाही. परंतु त्यासाठी जुनी पाडलीच पाहिजे काय?

पणजीतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची वास्तू पाहा. १८४२ साली स्थापन झालेली ही संस्था पुढे बांबोळीस गेली. मांडवीकाठची वास्तू मात्र २००४ मध्ये चित्रपट महोत्सवासाठी डागडुजी करून वापरात आणली गेली. नवे काम मिळाले, म्हणून ती टिकली.

वास्तू ऐतिहासिक महत्त्वाची असेल, तर १९६० च्या राज्य कायद्यान्वये शासन राजपत्रात सूचना काढून, हरकती ऐकून तिला संरक्षित घोषित करू शकते. शहरांत १९६६ च्या नगररचना कायद्याखालील विकास योजनेतही जतनाची तरतूद करता येते. प्रत्येक जुनी भिंत यात बसणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

माझ्या पाहण्यात आलेल्या अर्जांत भावना पुष्कळ असते; बांधकामाचे साल नसते! गुरुजनांनी विद्यार्थ्यांकडून कोनशिला उतरवून घ्यावी, छायाचित्रे काढावीत. ग्रामसभेने ठरावात नव्या वापराचाही उल्लेख करावा. वाचनालय चालेल, प्रसूतिपूर्व तपासणीची खोलीही चालेल. आणि हे सारे पाडकामाची निविदा निघण्यापूर्वी पुरातत्त्व संचालनालयाकडे पोहोचावे.